बार्शी लाईट आणि कुर्डुवाडी

कुर्डुवाडीचा इतिहास सांगताना कुठली गढी, कुठला वाडा, कुठली सनद पुढे ठेवता येत नाही. माढा तालुक्यातले कुर्डू हे जुने गाव. त्याच्याजवळची वाडी रेल्वेने वाढवली, तिला बाजार दिला, नगरपालिका होण्याइतकी वस्ती दिली. सोलापूर जिल्ह्यातली बाकीची गावे देवामुळे, नदीमुळे किंवा बाजारामुळे उभी राहिली. हे गाव रुळांमुळे उभे राहिले. त्यातही नुसत्या रुळांमुळे नव्हे, तर दोन मापांचे रूळ इथे शेजारी शेजारी आले म्हणून. मोठी लाईन साडेपाच फुटांची आणि छोटी अडीच फुटांची. या दोन मापांमधला तीन फुटांचा फरक शंभर वर्षांहून अधिक काळ इथल्या घराघरातली चूल पेटवत होता. म्हणून या स्मरणिकेत गावाचा इतिहास म्हणून जे लिहायचे, ते बार्शी लाईट रेल्वेचा इतिहास म्हणूनच लिहावे लागते.

मोठी लाईन आधी आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची ‘जीआयपी’, 1858 साली पुण्याला पोहोचली आणि तिथून दौंड, दिक्सळ करत आग्नेयेकडे सरकली. 1859 मध्ये रूळ आपल्या भागात आले, 1860 मध्ये सोलापूरला गेले आणि 1871 मध्ये रायचूरजवळ मद्रासकडून येणाऱ्या लाईनला मिळाले. मुंबई-मद्रास या हमरस्त्यावर आपले स्टेशन होते, पण त्याला नाव मिळाले ते दुसऱ्याच गावाचे: ‘बार्शी रोड’. कारण उघड होते. कंपनीला इथल्या वाडीशी कर्तव्य नव्हते. तिला हवा होता पस्तीस किलोमीटरवरच्या बार्शीचा कापूस.

बार्शी तेव्हा केवढी पेठ होती, हे आज सांगून पटत नाही. भगवंताचे हे गाव ब्रिटिश मुलखात, पण निजामाच्या सरहद्दीला लागून. बालाघाटावरचा आणि त्यापलीकडच्या मराठवाड्याचा कापूस, गळिताचे धान्य, ज्वारी बार्शीत यायची आणि बार्शीहून बैलगाड्यांनी बार्शी रोडला. वाटेत सीना नदी. उन्हाळ्यात गाड्या चालत, पण पावसाळ्यात आपल्याकडची काळी जमीन चाकाला धरून ठेवते हे शेतकऱ्याला सांगायला नको. माल कुजे, भिजे, वेळेवर मुंबईला पोहोचत नसे. साहजिकच भाव पडे. रेल्वे दाराशी येऊनही बार्शीच्या व्यापाऱ्याला तिचा पुरता उपयोग होत नव्हता.

हे दुखणे ज्याने नीट पाहिले, तो एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. 1857 सालचा जन्म, इंग्लंडमधल्या इंजिन-कारखान्यांत हात काळे करून शिकलेला माणूस. 1882 मध्ये तो जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आला. मोठ्या लाईनीला शेतमाल आणून देणाऱ्या लहान, स्वस्त फाट्यांची कल्पना त्याने धरली आणि पुढे सोडली नाही. 1887 मध्ये त्याने लंडनमध्ये अशा फाट्यांसाठी कंपनी नोंदवली, 1889 मध्ये जीआयपीची नोकरी सोडली, आणि सरकारदरबारी वाटाघाटी करण्यात उमेदीची वर्षे घातली. अखेर 1895 मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली. आज आपण एखाद्या उड्डाणपुलासाठी आठ वर्षे थांबलो की त्रासतो. या माणसाने पस्तीस किलोमीटरच्या लाईनीसाठी जवळजवळ तेवढीच वर्षे पत्रे लिहिली, हिशेब मांडले, भांडवल गोळा केले. त्याच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. कंपनी नफ्यासाठीच होती आणि भांडवल विलायतेतले होते, हे विसरून नव्हे, तर ते लक्षात ठेवूनही.

कॅलथ्रॉपने जे केले ते नुसते छोटे रूळ टाकणे नव्हते. अरुंद लाईन तेव्हा इतरत्रही होती. पण तिच्याकडे खेळण्यासारखे पाहिले जायचे, आणि माल वाहायचा म्हटला की डबे जड आणि माल थोडा अशी तिची गत असे. त्याने हिशेब उलटा मांडला. आधी ठरवले की कुठल्याही चाकजोडीवर 5 टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, मग ती इंजिनाची असो, मालडब्याची असो की प्रवासी डब्याची. एवढा भार सोसायला यार्डाला 30 पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो. रूळ हलका म्हणजे पोलाद कमी, पूल हलके, भराव कमी, खर्च कमी. पण भार सगळीकडे सारखा वाटलेला असल्याने त्या हलक्या रुळावरून भरपूर माल ओढता येतो. इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली. आठ चाके ओढणारी, मागे चार चाके आधाराला, आणि वजन प्रत्येक चाकजोडीवर नेमके वाटलेले. मालडबे दाबून घडवलेल्या पोलादी चौकटीचे, पंचवीस फूट लांब, बोगीवर बसवलेले. स्वतःचे वजन कमी आणि पोटात माल जास्त. हे सगळे सामान जहाजात चढवण्यापूर्वी लीड्सजवळच्या न्यूले इथे तात्पुरती लाईन टाकून जाणकारांना चालवून दाखवले गेले. अरुंद लाईन कशी असावी याचा नमुना म्हणून पुढे जगभरचे रेल्वे इंजिनिअर ज्या लाईनीकडे पाहत राहिले, ती लाईन आपल्या गावातून निघत होती. ही गोष्ट आपल्या शाळांमध्ये मुलांना सांगितली जात नाही, याची खंत वाटते.

1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन ही लाईन सुरू झाली. ते वर्ष साधे नव्हते. 1896-97 च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता. मुंबई-पुण्यात प्लेग होता आणि रेल्वेच्या उतारूंची तपासणी चालू होती. अशा दिवसांत ही लहानशी गाडी सीना ओलांडून बार्शीला जाऊ लागली. बार्शीहून यायला बैलगाडीला लागणारा वेळ आता तासांत मोजता येऊ लागला.

मग लाईन दोन्ही अंगांनी वाढली. 1906 मध्ये पंढरपूरचा फाटा सुरू झाला. पूर्वेकडे बार्शीहून पांगरी, येडशी, तडवळे, ढोकी करत 1911 मध्ये रूळ लातूरला पोहोचले. म्हणजे इंग्रजी मुलखातली कंपनी निजामाच्या राज्यात शिरली. लातूरची बाजारपेठ मोठी होण्यात या लाईनीचा वाटा आहे. मराठवाड्याच्या त्या टोकाला मुंबईचा बाजार कुर्डुवाडीमार्गे दिसू लागला. दुसऱ्या बाजूला पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ करत 1927 मध्ये लाईन मिरजेला भिडली. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलथ्रॉप वारला. लातूर ते मिरज मिळून 202 मैल, म्हणजे 325 किलोमीटर. एवढ्या पसाऱ्याच्या मधोमध कुर्डुवाडी होती, आणि कंपनीचा इथला कारभारही कुर्डुवाडीहूनच चाले.

कॅलथ्रॉपविषयी आणखी दोन ओळी लिहिल्यावाचून राहवत नाही. इथला अनुभव घेऊन त्याने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याची अडीच फुटी लाईन उभारली. ती 1904 मध्ये सुरू झाली. बहुतेक गोष्टी विलायतेहून इकडे यायच्या, इथे उलटे घडले: बार्शीची रीत तिकडे गेली. तिथे त्याने मोठ्या लाईनीचा अख्खा मालडबाच छोट्या लाईनीच्या गाड्यावर चढवून पुढे नेण्याची सोय केली, म्हणजे माल मध्ये उतरवायला नको. पुढे त्याने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी हवाई छत्रीही बनवली. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स 1910 मध्ये विमान अपघातात गेला, त्या धक्क्यातून ते काम सुरू झाले.

कुर्डुवाडीच्या फलाटावर मात्र माल माणसांच्या पाठीवरूनच गेला. आणि इथेच आपल्या गावाचा खरा इतिहास आहे. लातूरचा, बार्शीचा कापूस छोट्या गाडीतून यायचा, शेंगा यायच्या, ज्वारी-तुरीची पोती यायची. ती छोट्या लाईनीच्या डब्यातून उतरवायची, मोजायची, पावती फाडायची, मोठ्या लाईनीच्या वॅगनमध्ये थप्पी लावायची. मुंबईहून येणारे कापड, लोखंड, रॉकेल, मीठ यांचे तसेच उलट. मोठी गाडी वेळेवर आली नाही की छोटी थांबून राहायची, आणि छोटी रखडली की फलाटावर पोत्यांच्या राशी. या कामासाठी हमाल लागले, कारकून लागले, राखणदार लागले. हमालांसाठी खानावळी आणि चहाची दुकाने आली. गाडी बदलणाऱ्या उतारूंसाठी धर्मशाळा, लॉज, फळवाले आले. आसपासच्या खेड्यांतली, दुष्काळाने जमिनीवरून उठलेली माणसे या फलाटावर पोटाला लागली. माढा तालुक्याच्या कोरडवाहू गावांत ज्या घरांत दोन पिढ्या टिकून राहिल्या, त्यांतल्या अनेकांच्या टिकण्यामागे कुर्डुवाडीच्या यार्डातली मजुरी आहे. रेल्वेच्या अहवालांत याला ‘ट्रान्सशिपमेंट’ म्हणत आणि तो खर्चाच्या बाजूला टाकत. आपल्या गावासाठी तीच जमेची बाजू होती.

मालाइतकीच दुसरी गर्दी पंढरपूरची. आषाढी-कार्तिकीला मुंबईकडून, मराठवाड्याकडून, तेलंगणाकडून वारकरी मोठ्या लाईनीने इथे उतरत आणि छोट्या गाडीत बसत. पायी वारीचे महत्त्व कमी झाले नाही. पण म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, सुट्टी न मिळणारे गिरणीकामगार यांना पंढरपूर गाडीमुळे जवळ आले. यात्रेच्या दिवसांत प्रवासी डबे पुरत नसत. मेळ्यांच्या वेळी मालडब्यांतून यात्रेकरू नेण्याची रीत तेव्हा देशभर होती आणि तिच्याबद्दल तक्रारीही देशभर होत्या. त्या काळात पटकीची साथ यात्रेबरोबर फिरत असे. त्यामुळे रेल्वे, आरोग्य खाते आणि गाव यांची आषाढ महिन्यात कसोटी लागे. आपल्या स्टेशनने किती माउल्यांना पाणी पाजले याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही.

याच लाईनीवर, कसबे तडवळे इथे, 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. वतनाच्या बेड्यांविरुद्धचा तो आवाज या भागातल्या माणसांनी आपल्या दारात ऐकला. खेड्यापाड्यांतून माणसे एकत्र यायला गाडीचा जो उपयोग झाला, तो लाईनीच्या इतिहासातला मालाच्या टनांपेक्षा मोठा भाग आहे असे मी मानतो.

आता कारखान्याकडे येऊ. 202 मैलांची लाईन चालवायची तर इंजिने दुरुस्त करणारे हात हवेत. आपल्या मापाची इंजिने आणि डबे मोठ्या लाईनीच्या कारखान्यात धाडता येत नव्हते, म्हणून सगळे इथेच करावे लागे. चाके कातण्यापासून बॉयलरच्या नळ्या बदलण्यापर्यंत. सुटा भाग मोडला तर विलायतेहून येईपर्यंत महिने जात, तेव्हा तो इथेच ओतून, ठोकून, कातून बनवला जाई. यातून फिटर, टर्नर, लोहार, सुतार, बॉयलरवाले यांची एक पिढी तयार झाली, मग तिच्या हाताखाली दुसरी, तिसरी. मुलगा बापाबरोबर कारखान्यात जायचा, खलाशी म्हणून लागायचा आणि चाळीस वर्षांनी चार्जमन होऊन बाहेर पडायचा. गावाचे घड्याळ कारखान्याच्या भोंग्यावर चाले. रेल्वेच्या चाळींत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी एकाच नळावर ऐकू येई. सणवार सगळ्यांचे सगळ्यांत. जिल्ह्यातल्या इतर तालुक्याच्या गावांपेक्षा कुर्डुवाडीचा स्वभाव मोकळा राहिला, त्याचे श्रेय मी या चाळींना देतो.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि लाईनीवरची ती जुनी सरहद्द पुसली गेली. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने बार्शी लाईट कंपनीकडून विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. देशातल्या बहुतेक लाईनी त्याआधीच सरकारच्या झाल्या होत्या. आपली लाईन कंपनीच्या हातात त्या मानाने उशिरापर्यंत राहिली. कामगारांच्या दृष्टीने हा मोठा बदल होता: सरकारी नोकरी, सरकारी वेतनश्रेणी, पेन्शन. 1966 मध्ये सोलापूर विभाग दक्षिण मध्य रेल्वेला जोडला गेला आणि 1977 मध्ये परत मध्य रेल्वेत आला. पुढे वाफेच्या इंजिनांच्या जागी डिझेल आले.

पण तोवर एसटी आणि ट्रक आले होते. डांबरी रस्ता बार्शीहून थेट सोलापूरला, पुण्याला जात होता. लातूरच्या व्यापाऱ्याने माल एकदा ट्रकमध्ये भरला की तो थेट मुंबईत उतरत होता. कुर्डुवाडीत उतरवा-चढवा करण्यात जाणारा दिवस, फुटणारी पोती आणि चढणारी मजुरी त्याने कशाला सोसावी? ज्या तीन फुटांच्या फरकावर गाव जगत होते, तोच फरक लाईनीच्या मुळावर आला. छोटी गाडी हळू जायची, लोक तिच्या वेगाबद्दल नाना गोष्टी सांगायचे. पण ज्या आडगावाला एसटी पोहोचत नव्हती, तिथल्या पोरांना शाळेत आणि बायांना बाजाराला तिनेच नेले, तेही अगदी थोड्या तिकिटात. तिचा तोटा ताळेबंदात दिसे, हा उपयोग तिथे दिसत नसे.

मिरज जंक्शनचे उदाहरण इथे आठवते. 1971 मध्ये पुण्याहून मोठी लाईन आली आणि मिरजेत तिन्ही मापांचे रूळ एकत्र झाले: मोठी, मीटर आणि आपली अडीच फुटी. रेल्वेप्रेमी ते बघायला लांबून येत. व्यापाऱ्याला मात्र त्याचे कौतुक नव्हते, आणि ते बरोबरच होते.

1990 नंतर देशभर सगळ्या लाईनी एका मापाच्या करण्याचे धोरण आले. आपल्याकडे आधी कुर्डुवाडी-पंढरपूर बदलले. 2001 मध्ये तिथे मोठी गाडी धावली. 2007 च्या सप्टेंबरात लातूरकडचा भाग झाला आणि नव्या आखणीमुळे धाराशिव शहराला प्रथमच रेल्वे मिळाली. जुनी छोटी लाईन येडशीवरून जाई आणि जिल्ह्याचे ठाणे बाजूला राही. 2008 च्या ऑक्टोबरात कुर्डुवाडीपर्यंतचे काम पूर्ण झाले. मिरज-पंढरपूर शेवटी झाले. बार्शी लाईट नावाने जी होती ती संपली.

तिच्या शेवटच्या गाड्यांना लोकांनी हार घातले, पूजा केली. मला तेव्हा वाईट वाटले आणि आजही वाटते. पण लाईन बदलायला नको होती असे म्हणणाऱ्यांत मी नाही, आणि त्याचे कारण 2016 साली दिसले. त्या वर्षी लातूर शहराला पाणी उरले नव्हते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या फेरीत दहा टँकर-वॅगन, प्रत्येकीत 50 हजार लिटर, म्हणजे 5 लाख लिटर. पुढे पन्नास वॅगनच्या गाड्या धावल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर असा 342 किलोमीटरचा तो मार्ग, म्हणजे येडशीकडचे वळण सोडले तर तीच आपली जुनी बार्शी लाईट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रूळ अडीच फुटी असते, तर मोठ्या लाईनीच्या त्या वॅगन मिरजेपुढे सरकल्याच नसत्या. ज्यांनी गेज-बदलात हमाली गमावली, त्यांच्या मुलांनी कुर्डुवाडीच्या फलाटावर उभे राहून ती गाडी जाताना पाहिली.

चार वर्षांनी, 2020 च्या डिसेंबरात, देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली. माणदेशाचे डाळिंब आणि इतर माल त्यातून गेला. सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी हा तिचा पहिला टप्पा. शेतमाल मुंबई-मद्रास लाईनीला आणून देणारा स्वस्त फाटा, हीच तर 1887 सालची मूळ कल्पना होती. उजनीचे पाणी, ऊस, डाळिंब, द्राक्षे यांनी आपल्या तालुक्यांची शेती बदलली आहे. तो माल रुळांवर टिकवायचा असेल तर थंड साठवणुकीची आणि वेळेवर डबे मिळण्याची सोय कुर्डुवाडी जंक्शनवर व्हायला हवी, असा आमचा आग्रह आहे.

छोटी लाईन गेली तेव्हा कारखानाही जाईल अशी भीती होती. ज्या मापासाठी तो उभा राहिला ते मापच उरले नव्हते. कामगारांनी आणि गावाने तो टिकावा म्हणून पाठपुरावा केला. आज त्याच्यात मोठ्या लाईनीसाठी काम होते, आणि नेरळ-माथेरानच्या लहान गाडीचे डबे देखभालीसाठी इथेच येतात. अरुंद मापावर काम करण्याचा सव्वाशे वर्षांचा अनुभव ज्या गावाच्या हातात आहे, त्या गावाकडे हे काम येणे योग्यच आहे. नवीन मुले आज तिथे वेल्डिंगच्या आणि कातकामाच्या नव्या यंत्रांवर शिकत आहेत. त्यांच्या शिकवणाऱ्यांत वाफेच्या इंजिनावर हात बसलेले शेवटचे लोक काही वर्षांपूर्वीपर्यंत होते.

या इतिहासात कॅलथ्रॉपचे नाव आले, कंपनीची साले आली. हमालांची, गँगमनची, पॉइंट्समनची, चाळीत राहून डबे भरून देणाऱ्या बायांची नावे मात्र कुठल्या पुस्तकात नाहीत. ती घराघरांत आहेत: पितळी बिल्ल्यांवर, जुन्या सेवापुस्तकांत, पासांवर, निवृत्तीच्या दिवशी काढलेल्या समूहछायाचित्रांत. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते स्मरणिका समितीला पाहायला द्यावे. आम्ही त्याची प्रत करून मूळ वस्तू परत करू, आणि छायाचित्रातल्या प्रत्येक माणसाचे नाव विचारून, खाली लिहून ठेवू.